उसनी छाती

मेलबर्न, ९ नोव्हेंबर १९५२

प्रिय ओनोफ्रियो,

पोचलो. आईला एवढंच वाचून दाखव आणि बाकीचं पत्र बोटीत बसून एकटा वाच. आपल्या दारात पत्र आलं की अर्धं कान्नेतो गाव पायरीवर येऊन बसतं, हे मी विसरलेली नाही.

सावेरियो सगळ्या प्रवासात खोकत होता. कुणी विचारलं की म्हणायचा, जहाजाचा धूर सोसत नाही. इथल्या बंदरावर एका डॉक्टरने मेसिनाहून आणलेलं ते पाकीट फोडलं, आतला छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि याच्या पाठीवर थाप मारली. मी मनात म्हटलं, साहेब, थाप चुकीच्या पाठीवर पडली. ही छाती माझ्या भावाची आहे, आणि तो या वेळी लिपारीत जाळी दुरुस्त करत बसला असेल.

आपल्या डॉक्टरने सावेरियोला स्पष्टच सांगितलं होतं ना, डोंगरावरच्या खाणीतली पांढरी धूळ थेट फुफ्फुसाच्या देठापर्यंत गेली आहे, तुझ्या सासऱ्यासारखीच. ऑस्ट्रेलियावाले तुला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. तू मिशी काढलीस, त्याचे कागद घेऊन मेसिनाला गेलास आणि त्याच्या नावाने यंत्रासमोर उभा राहिलास. सख्खे भाऊ एवढं करत नाहीत, तू तर मेहुणा.

आता आमची पाळी. इथे राहणाऱ्या माणसाने कचेरीत बोलावण्याचा कागद भरायचा असतो, राहायला घर आणि हाताला काम देतो म्हणून सही करायची असते. सावेरियो इथे त्याच्या काकांच्या फळांच्या दुकानात लागला आहे. तो म्हणाला, पाय रोवू दे, पहिला कागद ओनोफ्रियोचा. आपल्या बेटाच्या संताची, सान बार्तोलोची, शपथ घेऊन म्हणाला.

तुझी ताई,
नुंझियाता

*

लिपारी, २२ फेब्रुवारी १९५३

ताई,

पत्र पोचलं. आईने मला समुद्रावर जाऊच दिलं नाही, म्हणून पायरीवरच वाचलं. जे वाचायचं नव्हतं तिथे मी मनाने कांगारू घातले. शेजारच्या पिप्पीना मावशीला आता वाटतंय की तुम्हाला बंदरावर उतरवून घ्यायला कांगारू आला होता.

मिशी पुन्हा आली आहे, पण डाव्या बाजूला विरळ. दाजींना सांग, नुकसानभरपाई म्हणून तिकडची एखादी चांगली कात्री पाठवा. मेसिनाचा डॉक्टर मात्र भला माणूस होता. "श्वास घ्या, धरा," म्हणाला, आणि फोटो बघून म्हणाला, "वा, देऊळ आहे देऊळ! फक्त ही एक बरगडी वाकडी." मी म्हटलं, सोळाव्या वर्षी वल्ह्याचा फटका बसला होता. मग एकदम आठवलं की मी दाजी आहे आणि दाजींनी जन्मात वल्हं धरलेलं नाही. पण त्याला काय त्याचं.

आता वाईट बातमी. जानेवारीच्या वादळात बाबांची बोट गेली. वर ओढून ठेवली होती, तरी लाटेने उचलून धक्क्यावर आपटली. उरल्या त्या फळ्या आईने चुलीत घालायला काढल्या, मी दोन लपवून ठेवल्या.

सालीना बेटावरच्या गाएतानो मामाने निरोप धाडलाय: त्याच्या नव्या बोटीत निम्मा वाटा घे, अंगमेहनत तुझी, बोट दोघांची. पण अट एकच, पाच वर्षं सोडून जायचं नाही. मी आठवडाभर थांबा म्हटलं, ते आता महिनाभर थांबलेत. तर नक्की काय ते कळव. तुमचा कागद लवकर येणार असेल तर मी मामाला कशाला अडकवून ठेवू? आणि येणार नसेल तर मी आपला मासेच पकडेन, मला काही दुःख नाही.

ओनोफ्रियो

*

मेलबर्न, ३ मे १९५३

ओनोफ्रियो,

मामाला नाही म्हणून सांग. आजच सांग.

काल रात्री जेवताना मी सावेरियोला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो बराच वेळ पाव कुरतडत बसला. मी म्हटलं, अहो, बोला की. तर म्हणाला, "कागद भरून दिलाय. नाताळपर्यंत होईल." भरून दिलाय आणि मला सांगितलंसुद्धा नाही! पुरुषांना आनंदाची गोष्टही दातातून काढावी लागते.

तेव्हा पाच वर्षांच्या अटीत अडकू नकोस. नाताळपर्यंत कशीतरी कळ काढ. इथे समुद्र आहे, पण त्याला आपल्यासारखा वास नाही. तू आलास की येईल बहुतेक.

मला दिवस गेलेत. आईला सांग, आणि पिप्पीना मावशीला कांगारूचं पिल्लू म्हणून सांग.

ताई

*

लिपारी, १७ ऑक्टोबर १९५४

ताई,

लहानग्या आंजेलाचा फोटो मिळाला. नाक आपल्या बाबांचं आहे, बिचारीचं.

मागचं नाताळ गेलं, ईस्टर गेलं, सान बार्तोलोची मिरवणूकही गेली. मेसिनाहून टपाल घेऊन बोट येते तेव्हा मी धक्क्यावर असतो. पोस्टमन मला लांबूनच मान हलवून दाखवतो, हल्ली तर मी नसलो तरी हलवतो म्हणे.

मी बरा आहे. बोट नाही, पण किनाऱ्यावर काही ना काही काम मिळतं. कागद येईपर्यंतचीच तर गोष्ट आहे. मामाने तो वाटा सालीनाच्याच तुरीदूला दिला. तुरीदूने यंदा लग्न केलं.

दाजींना एकदा कचेरीत जाऊन विचारायला सांग. नाही तर तूच जा. तुला लिहिता-वाचता येतं.

सोबत केपरच्या खारवलेल्या कळ्या पाठवतोय, आईने भरल्यात. मिठासकट खाऊ नका, तिकडे गेल्यापासून विसरला असाल.

ओनोफ्रियो

*

मेलबर्न, २१ ऑगस्ट १९५५

ओनोफ्रियो,

केपर आठवडाभरात संपल्या. तुझं पत्र उघडलं तर घडीतून पांढरी पूड सांडली. आईने पीठ मळता मळता पत्र हातात घेतलं असणार, हसूच आलं मला. ती पूड मी फुंकली नाही. बोटावर घेऊन बघत बसले. आपल्या घरचं पीठ.

सावेरियो म्हणतो, सरकार बदललं की कचेरीतले नियम बदलतात, आता आधी कुटुंबवाल्यांची पाळी आहे. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन विचारते, तर केवढा भडकला! "बायकांनी कचेऱ्यांत फिरायचं, आणि मी काय मेलोय?" एरवी तो असा नाही. काम फार पडतं त्याच्यावर. पेट्या उचलून उचलून धाप लागते. आणि हट्टी इतका, की आमच्या गल्लीत फुकट छातीचे फोटो काढणारी सरकारी गाडी आली की याला नेमकं बाजारात काम निघतं. सगळी गल्ली रांगेत आणि हा पसार.

तू मात्र टोमणे मारू नकोस. आम्ही इथे काही द्राक्षांच्या मांडवाखाली झोपा काढत नाही.

ताई

*

लिपारी, ६ जानेवारी १९५७

ताई,

दीड वर्षात तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत हवामान होतं. तिकडे जानेवारीत उकडतं, हे मला आता पाठ झालंय.

मी काही भिकारी नाही. मी मागतोय ते कबूल केलेलं. मेसिनाला जाताना दाजींनी धक्क्यावर माझे दोन्ही हात धरले होते आणि रडले होते. आई साक्षीला आहे. आता गरज सरो वैद्य मरो, असंच ना?

इथे मला लोक काय म्हणतात माहीत आहे? "ऑस्ट्रेलियन". मी वाण्याकडे गेलो की तो म्हणतो, या, ऑस्ट्रेलियन, जहाज कितीला सुटतं? एका मुलीचं माझ्याशी ठरत होतं. तिच्या बापाने विचारलं, जाणार आहेस की राहणार आहेस? ना धड इथे, ना धड तिथे, अशा माणसाला कोण मुलगी देणार?

दर मोसमाला म्हणतो, कागद आला की हे काम सोडतो. कोणतं काम, ते विचारू नकोस. तू कधी विचारलंही नाहीस म्हणा.

ओनोफ्रियो

*

मेलबर्न, ११ मार्च १९५८

ओनोफ्रियो,

तुझं मागचं पत्र मी फाडलं. राग आला होता. वर्षभर लिहिलं नाही, आणि आज लिहितेय ते आमच्यावर संकट आलं म्हणून. तू हसशील तर हस.

सावेरियोच्या थुंकीतून रक्त पडतं. डॉक्टरांनी सक्तीने फोटो काढला आणि म्हणाले, क्षय. येताना छाती स्वच्छ होती, तेव्हा हे सगळं इथेच लागलं असणार. त्याला शहराबाहेरच्या क्षयाच्या इस्पितळात नेऊन ठेवलंय. दुकानात गिऱ्हाईक माझ्या हातून फळं घेईना. आंजेलाशी बालवाडीत कुणी खेळत नाही.

मला ठाऊक आहे तो क्षय नाही. बाबा असेच गेले. पण सांगू कुणाला? सांगायचं तर तुझा फोटोही सांगावा लागतो, मग आम्हा तिघांनाही जहाजात घालून परत धाडतील. मी गप्प बसते आणि परिचारिका त्याला क्षयाची इंजेक्शनं टोचतात.

तुझ्या कागदाचं आता काही विचारू नकोस. कोणत्या तोंडाने विचारू त्याला?

ताई

*

लिपारी, ३० एप्रिल १९५८

ताई,

हसलो नाही. दाजींसाठी आईने मेणबत्ती लावली, मीही लावली. तिची मनापासून होती, माझी अर्ध्या मनाने.

खरं सांगायचं नाही, हे ठरवलंस ते बरोबरच. मीही इथे खरं सांगत नाही.

ओनोफ्रियो

*

मेलबर्न, १९ जुलै १९५९

माझ्या ओनोफ्रियो,

या पाकिटात तुझा बोलावण्याचा कागद आहे. सही माझी आहे, शिक्का कचेरीचा आहे. मी स्वतः गेले, एका सकाळीत काम झालं. एका सकाळीत! आता बस आणि पुढचं वाच.

क्षयाची औषधं लागू पडेनात, तेव्हा सावेरियोला दुसऱ्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याने मला आंजेलासकट आत बोलावलं, कारण सावेरियोचं इंग्रजी टोमॅटो आणि सफरचंदापुरतंच. भिंतीवर उजेडाची काच होती, तिच्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एक येतानाचा, एक आताचा.

डॉक्टरने आताच्या फोटोवर बोट ठेवलं. दोन्ही फुफ्फुसांच्या मधोमध, जिथून श्वासाच्या नळ्या आणि रक्ताच्या वाहिन्या आत-बाहेर करतात, त्या देठाशी गाठी होत्या, आणि प्रत्येक गाठीला पांढरी कड. अंड्याची टरफलं पडल्यासारखी दिसतात. म्हणाला, "हा क्षय नव्हेच. ही दगडाची धूळ. या गाठींनी रक्त परत हृदयाकडे नेणारी वाहिनी आवळली आहे. रक्त फुफ्फुसात जातं, परतीची वाट बंद. म्हणून ते तोंडातून येतं." उपाय विचारला, तर माझ्याकडे न बघता म्हणाला की नाही.

मग तो जुन्या फोटोकडे वळला, एका बरगडीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तुमची बरगडी कधी मोडली होती?"

सावेरियोला ते बोट बघूनच कळलं. मी भाषांतरच केलं नाही.

"या जुन्या फोटोत मोडून वाकडी जुळलेली बरगडी आहे," डॉक्टर म्हणाला, "आणि नव्यात ती सरळ. मोडलेलं हाड जुळतं बाई, पण न मोडल्यासारखं होत नाही."

मला वाटलं, झालं. आता पोलीस येणार. मी आंजेलाचा हात घट्ट धरला. आणि तो डॉक्टर हसायला लागला, ओनोफ्रियो! म्हणाला, "तुमच्या इटलीतले कारकून! कुणा भलत्याचा फोटो याच्या पाकिटात घातला, आणि आम्ही बसलो सात वर्षं त्यावर विसंबून." काचेवरचा तो फोटो काढला, दुमडला आणि पायाशी असलेल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला. संपलं. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही लिहून घेतलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी सावेरियोला म्हटलं, बघा, उगीच घाबरत होतो आपण. तर तो बाकावर बसून ढसाढसा रडायला लागला. मला वाटलं, आजाराचं ऐकून रडतोय.

"नुंझिया," म्हणाला, "मी कागद भरलाच नव्हता."

"कोणता कागद?"

"ओनोफ्रियोचा. एकदाही नाही. कचेरीच्या दारापर्यंत दोनदा गेलो. मला ती बरगडी दिसायची. तो आला असता तर तीच बरगडी दुसऱ्या नावाने या देशात आली असती. कुणीतरी दोन फोटो शेजारी ठेवले असते आणि आपल्याला परत धाडलं असतं."

"आणि ठेवले तेव्हा काय झालं?" मी ओरडले. लोक बघत होते, बघू देत. "आत्ता ठेवले ना शेजारी? हसला तो! टोपलीत टाकला!"

मरणाऱ्या माणसाला मी व्हरांड्यात भ्याड म्हटलं. अजून पस्तावा होत नाही. रात्री त्याला सूप मात्र भरवलं.

आणि मी तरी काय केलं? तो सांगत गेला, मी तुला लिहीत गेले. नाताळपर्यंत, ईस्टरपर्यंत. तू लिहिलं होतंस की तूच जा विचारायला. मी गेले नाही, कारण नवरा भडकतो. एवढंच कारण.

आता ते सगळं सोड आणि निघ. इथे दुकान आहे, ते मी चालवते, मला माणूस हवा आहे. समुद्र जवळ आहे, तुला बोटीवर काम मिळेल. तुझी छाती तर देऊळ आहे. मेसिनाला जा, फोटो काढ, या वेळी स्वतःच्या नावाने.

तुझी वाट बघणारी,
ताई

*

लिपारी, १४ ऑक्टोबर १९५९

ताई,

कागद मिळाला. पोस्टमन धावत आला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आईने पेटी भरली, सुकी अंजिरं, माल्वाझिया वाइनच्या दोन बाटल्या, बाबांचा लोकरी कोट. पायरीवर सगळी गल्ली जमली. वाण्यानेही तिकडच्या भावासाठी पुडकं आणून दिलं आणि म्हणाला, माफ कर हां, ऑस्ट्रेलियन.

मी मेसिनाला गेलो. डॉक्टर तोच होता, केस तेवढे पिकलेत.

"श्वास घ्या. धरा."

मी धरला, पण खोकला आला. पुन्हा उभं केलं. मग फोटो हातात घेऊन तो खिडकीशी गेला.

"ही बरगडी?" म्हणाला.

"वल्ह्याने मोडली होती."

"कोळी आहेस?"

"होतो."

"मग हे काय?" त्याने बोट ठेवलं. तुझ्या डॉक्टरने जिथे ठेवलं होतं, तिथेच. दोन्ही बाजूंना, देठाशी. मला आता समजवावं लागत नाही. गोल गोल पांढऱ्या कडा. अंड्याची टरफलं म्हणालीस ना? तशीच दिसतात.

"डोंगरावर काम केलंस," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

हो, ताई. बोट गेली त्याच वर्षी गेलो. मामाला नाही म्हटल्यावर दुसरं होतंच काय इथे? आणि खणायलाही नाही गेलो, दगड दळायच्या गिरणीत गेलो, पोती भरायला, कारण तिथे रोजावर घेतात, बांधून घेत नाहीत. कागद आला की कुठल्याही सकाळी सोडता यावं, म्हणून. तोंडावर ओला रुमाल बांधायचा, संध्याकाळी वाइन प्यायची, म्हणजे धूळ खाली उतरते असं सगळे म्हणतात. बाबाही म्हणायचे. मला माहीत होतं की उतरत नाही. पण नाताळपर्यंतचाच प्रश्न होता. मग ईस्टरपर्यंतचा.

माझ्या त्या पत्रातून सांडलं ते पीठ नव्हतं. गिरणीतून घरी न जाता तसाच लिहायला बसलो होतो. तू ते बोटावर घेऊन बघितलंस असं लिहिलंस, तेव्हा कळवावंसं वाटलं होतं. पण तू लिहिलं होतंस, आपल्या घरचं पीठ. मग राहू दिलं.

डॉक्टरने कागदावर 'अपात्र' असा शिक्का मारला आणि परत दिला. "उशीर केलास पोरा," म्हणाला. "सहा-सात वर्षांपूर्वी का नाही आलास?"

ताई, मला इतकं हसू आलं! आलो होतो, मिशी काढून आलो होतो, आणि तुम्हीच देऊळ म्हणाला होतात, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण बोललो नाही. माझ्यामुळे तुला जहाजात बसावं लागायला नको.

आईला धक्क्यावरच सांगितलं. घरी येऊन तिने पेटी उघडली आणि एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली. वाण्याचं पुडकं मी परत नेऊन दिलं. त्यानंतर मला ऑस्ट्रेलियन कुणी म्हणत नाही.

तुझ्यावर रागावू की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वरातीमागून का होईना, घोडं तू पाठवलंस. पण एका सकाळीत काम झालं, हे तू लिहायला नको होतंस. ते वाक्य तेवढं मला विसरता येत नाही.

दाजी अजून असतील तर त्यांना माझा एक निरोप सांग. म्हणावं, त्या डॉक्टरचं चुकलं. कारकुनाने काही घोळ घातलेला नव्हता. ओनोफ्रियोची छाती १९५२ सालीच ऑस्ट्रेलियात पोचली, आणि तुमच्यादेखत कचऱ्याच्या टोपलीत गेली. इथे माझ्याकडे उरली आहे ती सावेरियोची.

तुझा,
ओनोफ्रियो